जात्यावर बसलं की ओवी सुचते

दिवस मावळायला आला आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारातला कांद्याचा लिलाव उरकला आहे. रिकामे ट्रॅक्टर घराकडे निघाले आहेत. अशा वेळी एका घरात म्हातारी आजी लुगड्याचं गाठोडं बांधते. चपला शोधते. दाराची कडी काढते.

"कुठं निघालीस, आई?" मुलगा विचारतो.

"घरी. माझी माय वाट बघत असंल."

"अगं, हेच तुझं घर. आणि तुझी माय जाऊन चाळीस वर्षं झाली!"

आजी मटकन खाली बसते. रडू लागते. माय गेल्याची बातमी तिला आत्ताच कळली. काल संध्याकाळीही ती अशीच पहिल्यांदा कळली होती.

हे घर आम्ही कल्पनेने उभे केले आहे. पण असे घर तुमच्या आळीत असेल. कदाचित तुमचेच असेल. अशा घरात काय करता येते, ते या पाठात सांगायचे आहे.

आधी लोक काय म्हणतात ते पाहू. कोणी म्हणतो, साठी बुद्धी नाठी, वय झालं की असंच व्हायचं. कोणी म्हणतो, म्हातारी सोंग करते. जेवायचं बरं विसरत नाही! कोणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे, देवऋषाकडे न्या. या तिन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. वय झालेली पुष्कळ माणसे शेवटपर्यंत हुशार राहतात. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे हे वयाचे. चष्मा कशासाठी असतो तेच विसरणे हा आजार. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर लोक डिमेन्शिया म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे. जसा संधिवात सांध्यांचा, तसा हा मेंदूचा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

या आजाराचे पुष्कळ प्रकार आहेत. सगळ्यांत जास्त आढळतो त्याला अल्झायमरचा आजार म्हणतात. अल्झायमर हे एका जर्मन डॉक्टरचे नाव. १९०१ साली फ्रँकफर्ट शहरातल्या दवाखान्यात त्यांच्याकडे एक बाई आली. वय अवघे ५१ वर्षांचे. डॉक्टरांनी तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले. तिने सुरुवात केली आणि पुढचे ती विसरून गेली. तुम्ही स्वतःचे नाव लिहायला शिकलात तो दिवस आठवा. आलेले नाव हातातून निसटले तर कसे वाटेल? १९०६ साली ती बाई वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मेंदू आकसला होता. त्यात नको त्या गाठी आणि गुंते साठले होते. म्हणजे बाई सोंग करत नव्हती. तिच्या मेंदूत खरोखर बिघाड होता.

आपल्या देशाची पाहणी २०२३ साली छापून आली. साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा तिचा अंदाज आहे. म्हणजे शंभर म्हाताऱ्या माणसांत सुमारे सात. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण जास्त आहे. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. तेव्हा हा शहरातल्या शिकलेल्या लोकांचा रोग आहे, असे समजू नका.

पहिले काम म्हणजे डॉक्टरला दाखवणे. कारण विसर पडण्याची काही कारणे औषधाने बरी होतात. थायरॉईडचा बिघाड असतो. ब जीवनसत्त्वातल्या बी-१२ ची कमतरता असते. पडल्यावर डोक्यात रक्त साकळलेले असते. मनाची उदासीही असते. आणि एक फरक नीट लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंश हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढतो. म्हातारा माणूस काल ठीक होता आणि आज एकदम बरळू लागला, तर तो ताप असेल, लघवीचा जंतुदोष असेल, अंगातले पाणी कमी झाले असेल, किंवा एखादे औषध बाधले असेल. तिथे दिवस घालवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कान आणि डोळेही तपासून घ्यावेत. मोतीबिंदू पिकला असेल तर माणूस ओळखू येत नाही. लोक म्हणतात, आजी विसरली!

खऱ्या स्मृतिभ्रंशाला मात्र अजून बरे करणारे औषध नाही. काही औषधांनी थोडा उपयोग होतो, पण गेलेली आठवण परत येत नाही. मग घरच्यांनी करायचे तरी काय? पुष्कळ काही करता येते. ते समजण्यासाठी मेंदूत काय घडते ते आधी बघू.

आपल्या बाजार समितीचे उदाहरण घ्या. माल येतो, काट्यावर वजन होते, कारकून पावती फाडतो, नोंद होते. आता समजा, तो कारकूनच आजारी पडला. नवा माल येतो आहे, पण कोणी नोंद करत नाही. संध्याकाळी विचारले, आज काय आले? कोणालाच ठाऊक नाही. पण गोदामातला जुना माल? तो आहे. आजीच्या मेंदूत सुरुवातीला असेच होते. सकाळी खाल्लेली भाकरी नोंदली जात नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारते, "मी जेवले का?" पण लग्नातला हळदीचा दिवस, माहेरची विहीर, शाळेतल्या कविता हा जुना माल पुष्कळ दिवस टिकतो. आजार वाढला की तोही कमी होत जातो.

शिवाय एक तिसरी गोष्ट आहे. ती हातांची. सायकल कशी चालवायची हे आपण तोंडाने सांगू शकत नाही. बसलो की चालवतो. भाकरी थापणे, शेंगा फोडणे, दावे वळणे, टाका घालणे, ही कामे वर्षानुवर्षे केली की ती मेंदूच्या वेगळ्या भागात मुरतात. तो भाग या आजारात बराच उशिरा बिघडतो. म्हणून नातवाचे नाव विसरलेली आजी लसणाची पाकळी मात्र सफाईने सोलते.

आपल्या पूर्वीच्या बायकांना हे ठाऊक होते. त्या म्हणत, जात्यावर बसलं की ओवी सुचते. चावडीवर उभे करून "ओवी म्हण" म्हटले तर बाई लाजेल, अडखळेल. जात्याचा खुंटा हातात आला, दगडाची घरघर सुरू झाली, पिठाचा वास आला, की ओवी आपोआप ओठांवर येते. हात, कान आणि नाक मिळून आठवण ओढून काढतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. बहुतेक बायकांनी त्या कधी कागदावर लिहिल्या नव्हत्या. सगळ्या तोंडी आणि हाती होत्या.

हीच युक्ती आज डॉक्टर आणि सेवक मंडळी स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी वापरतात. चित्र, गाणे, मातीकाम अशा कलांमधून केले तर त्याला कला-उपचार म्हणतात. वास, स्पर्श, आवाज, चव यांनी मनाला जागे करणे, हाही त्याचाच भाग. नाव मोठे आहे, पण वस्तू घरातल्या आहेत.

इंग्लंडमध्ये याची नीट परीक्षा झाली. २०१ आजारी माणसे निवडली. त्यातल्या काहींना लहान लहान गटांत बसवले. आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास, असे सात आठवडे. कधी लहानपणाच्या गप्पा, कधी खाण्याचे पदार्थ, कधी ओळखीचे आवाज, कधी हाताने काही करणे. १९९९ किंवा २००० सालची गोष्ट नव्हे, २००३ साली त्याचा निकाल छापला गेला आणि तो आजही डॉक्टर मानतात. गटात बसलेल्यांची बुद्धी इतरांपेक्षा थोडी बरी चालली, आणि त्यांना जगणेही बरे वाटले. 'थोडी' हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. आजार बरा झाला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कलासंग्रहालयात २००६ सालापासून अशा माणसांना घरच्यांसह बोलावून चित्रे दाखवू लागले. चित्रासमोर बसून जे मनात येईल ते बोलायचे. चुकले काय आणि बरोबर काय, असा प्रश्नच नाही.

आपल्याला न्यूयॉर्कला जायला नको. परत त्या आजीच्या घरी जाऊ.

सुनेने एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, आजीची घालमेल सुरू होण्याआधी, सुपात शेंगा घेतल्या. आजीजवळ बसली. स्वतः फोडू लागली. काही बोलली नाही. थोड्या वेळाने सूप आजीकडे सरकवले.

"आई, एवढ्या फोडू लागता का? मला एकटीला होत नाही."

आजीने शेंग उचलली. कानाशी नेऊन खुळखुळवली. मग अंगठ्याने टचकन फोडली. अर्धा तास दोघी बसल्या. मध्येच आजी म्हणाली, "आमच्या बापाच्या शेतात यापरीस मोठ्या शेंगा व्हायच्या."

"हो? कोणत्या शेतात, आई?"

आजीने सांगितले. खरे किती, खोटे किती, हे सुनेने तपासले नाही. त्या संध्याकाळी गाठोडे बांधले गेले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बांधले गेले. असे होणारच. रोज गुण येईल, असे वचन कोणी देऊ नये.

सुनेने काय केले ते बारकाईने बघा. तिने परीक्षा घेतली नाही. "मी कोण, सांगा बरं? आज वार कोणता?" असे आपण म्हाताऱ्या माणसाला दिवसभर विचारतो. आपल्याला वाटते, आपण आठवण ताजी करतो. त्याला वाटते, आपण नापास झालो. तुम्ही पाटीवर पहिले अक्षर काढले तेव्हा कोणी हसले असते तर? तेच इथे आहे. म्हणून विचारायचे नाही, दाखवायचे. "हे काय आहे?" असे न म्हणता वस्तू हातात द्यायची. आणि लहान मुलासारखे "शाब्बास गं बाळे" असेही म्हणायचे नाही. ती घरातली वडील आहे. तिचा मान तसाच ठेवायचा.

दुसरे असे, की काम खरे असावे. त्या शेंगांचे कूट रात्रीच्या भाजीत पडले पाहिजे. उगाच डब्यातले मणी इकडून तिकडे करायला लावले तर माणसाला ते कळते. बुद्धी गेली तरी अपमान कळतो.

ज्याचे जसे आयुष्य, तसे काम. बाप्या माणसाला शेंगा आवडतीलच असे नाही. ज्याने जन्मभर बैल सांभाळले, त्याच्या हातात दावे द्या, झूल द्या, घुंगरमाळ वाजवा. पोळ्याच्या आठवणी निघतील. ज्याने कांदा केला, त्याच्यापुढे पाटीभर कांदा ओता. मोठा, मध्यम, चिंगळी असा तो निवडू लागेल. ज्याने द्राक्षबाग केली, त्याला बागेच्या बांधावर खुर्ची टाकून बसवा, जुनी कात्री दाखवा. भजनी मंडळात टाळ वाजवणाऱ्याच्या हातात टाळ द्या. गाण्याचा गुण फार मोठा आहे. बोलणे थांबलेली माणसेही कधी कधी ओळखीचा अभंग सुरात म्हणतात. हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण गाणे त्यांच्या तरुणपणचे हवे. तुमच्या मोबाईलवरचे नवे नको. आणि एका वेळी एकच आवाज. टीव्ही चालू, पोरे भांडताहेत, वर भजन लावले, तर त्या माणसाचे डोके भणाणून जाते.

वासाचेही तसेच. पहिल्या पावसाची माती, तुळस, चुलीचा धूर, भाजलेला हिरवा हरभरा, शेणाने सारवलेली जमीन. एखाद्या वासाने साठ वर्षांपूर्वीचा दिवस उभा राहतो. मात्र या आजारात पुष्कळांची वास घेण्याची शक्ती लवकर कमी होते. आजीला वास येत नसेल तर हट्ट करू नका. स्पर्शाकडे वळा. जुन्या लुगड्यांची गोधडी मांडीवर द्या. तिच्यात इरकल असेल, खण असेल, बाळंतपणातले फडके असेल. बोटे त्यावरून फिरत राहतात. कोमट खोबरेल हाताला चोळा. आजार फार पुढे गेला, माणूस अंथरुणाला खिळला, तरी एवढे करता येते.

चित्रांबद्दल थोडे सांगू. आपल्याकडे बायकांच्या बोटांत रांगोळी असते. पाट्यावर किंवा जमिनीवर थोडा गेरू सारवून पांढरी रांगोळी पुढे ठेवा. रेघ वाकडी येईल. येऊ द्या. "हे काय काढलं?" असे विचारू नका, "रंग छान दिसतो" म्हणा. विल्यम अटरमोलेन नावाचा एक अमेरिकन चित्रकार लंडनमध्ये राहत होता. १९९५ साली त्याला अल्झायमरचा आजार असल्याचे कळले. त्यानंतर काही वर्षे तो आपल्याच चेहऱ्याची चित्रे काढत राहिला. चेहरा हळूहळू विस्कटत गेलेला त्यांत दिसतो. ती चित्रे पाहून डॉक्टरांनाही कळले, की आतून माणसाला काय वाटत असेल. तोंडाने सांगता येत नाही ते हात सांगतो.

आता एक अडचण. ती डॉक्टर सांगत नाहीत, पण गावात ती सगळ्यांत मोठी आहे. शेजारीण दारातून बघते आणि पाणवठ्यावर सांगते, "या वयात म्हातारीला कामाला जुंपलीय. सून कशी ती!" ही बोलणी ऐकून पुष्कळ सुना सासूला कोपऱ्यात नुसत्या बसवून ठेवतात. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, पण दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. आमच्या मते हा मान नव्हे, ही शिक्षा आहे. शेजारणीला आत बोलवा. सूप तिच्याही पुढे ठेवा. तिघींच्या गप्पा होऊ द्या. आणि मुलाला आम्ही विचारतो, आई तुझी, मग सूप धरायला सूनच का? पाऊण तास तूही बस.

काम जुलमाचे होऊ नये, हे खरेच. आजीने सूप ढकलले की उचलून घ्यावे. वीस मिनिटे पुष्कळ झाली. रागावली तर वाद घालू नये. चहा द्यावा, अंगणात फिरवून आणावे.

काही गोष्टींत मात्र डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. विळी, सुई, पेटती चूल यांच्याजवळ एकटे सोडू नये. फवारणीची औषधे कधीही सरबताच्या बाटलीत ठेवू नयेत, कुलपात ठेवावीत. या माणसाला बाटलीतला फरक कळत नाही. नुकतीच फवारणी झालेल्या बागेत नेऊ नये. आणि आपल्या भागात विशेष सांगायचे ते द्राक्षांचे. आजार वाढला की गिळायला त्रास होतो. अख्खे द्राक्ष घशात अडकून जीव गुदमरतो. धुऊन, उभे चिरून, बिया असतील तर काढून द्यावे. शेंगदाणेही फोडायला द्यावेत. ज्याला ठसका लागतो त्याला खायला देऊ नयेत. पिंपळगावला मुंबई-आग्रा महामार्ग लागून आहे. निफाड तालुक्यातली हिवाळ्याची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा रात्री घराबाहेर पडलेला माणूस वाचणे कठीण. दाराला वरच्या बाजूला कडी लावा, कपड्यात नाव आणि फोन नंबर शिवून ठेवा. शेजाऱ्यांना आजार लपवून ठेवू नका. सांगून ठेवले तर तेच हात धरून घरी आणतील.

सांभाळणाऱ्याचेही हाल होतात. गोव्यात संगत नावाच्या संस्थेने ८१ कुटुंबांबरोबर एक काम केले. तिथल्याच साध्या माणसांना थोडे शिकवून घरोघर पाठवले. ते आजार समजावून सांगत, कसे वागावे ते दाखवत, घरच्यांचे ऐकून घेत. २००८ साली त्याची माहिती छापली गेली. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. शिकवणारे डॉक्टर नव्हते, हे ध्यानात घ्या. तुमच्या गावातही दहावी-बारावी शिकलेली मुले-मुली आहेत. देवळाच्या ओट्यावर आठवड्यातून दोनदा म्हातारी माणसे जमवणे त्यांना सहज जमेल. मन फार थकले तर १४४१६ या नंबरवर फोन करावा. ती सरकारची मनाच्या आजारांसाठीची टेलिमानस सेवा आहे, २०२२ साली सुरू झाली. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ हा नंबर आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

त्या घरात आता संध्याकाळ झाली आहे. आजी पुन्हा चपला शोधते आहे. मुलगा दारात आहे. आज तो "तुझी माय गेली" असे म्हणत नाही.

"आई, तुझी माय भाकरी कशी करायची गं?"

आजी थांबते. दोन्ही हात समोर धरते. एका हातावर दुसरा हात थापते. पुन्हा थापते.

"अशी," ती म्हणते.

मुलगा परात आणि बाजरीचे पीठ आणायला आत जातो.